वास छान येतोय

माझं कुणी कौतुक केलं की मी गप्प राहते आणि वाट बघते. कौतुकाला बहुतेक वेळा मागे एक शेपूट असतं. ते दिसेपर्यंत मी तोंड उघडत नाही. तोवर समोरचं माणूस अवघडतं, इकडेतिकडे बघतं आणि "बरं, येते हं" म्हणून निघून जातं. बाई तुसडी आहे, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. तुसडं माणूस निदान फसत तरी नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

हे वळण वडिलांचं. आम्ही तेव्हा अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडील फिटर होते. आम्ही बौद्ध, आणि आडनावावरून ते लगेच कळायचं. आई दिवसातून दोनदा फरशी पुसायची, फळीवरचे पितळी डबे चिंचेने घासून लख्ख करायची, दारातल्या पायपुसण्यालासुद्धा इस्त्री करते की काय असं शेजारणी चिडवायच्या. एकदा वडिलांच्या खात्यातले एक साहेब कसल्याशा कामासाठी घरी आले. आईने चहा ठेवला. "आत्ताच झाला," म्हणून त्यांनी तो घेतला नाही. पण उठताना चारी बाजूंना नजर फिरवून ते म्हणाले, "घर किती स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही! अजिबात वाटत नाही..." आणि थांबले.

वडिलांनी अगदी शांतपणे विचारलं, "काय वाटत नाही साहेब?"

"नाही, म्हणजे... क्वार्टर आहे असं वाटत नाही."

मी शाळकरी होते, दाराआड उभी होते. पण ते वाक्य क्वार्टरकडे निघालं नव्हतं, वाटेत वळवलं होतं, एवढं मलाही कळलं. साहेब गेल्यावर वडील मला म्हणाले, "शाबासकी मिळाली की आधी वळून बघायचं, हात कुणाचा आहे." न प्यायलेला चहा आई पुन्हा गरम करत होती. ती तिथूनच म्हणाली, "पन घर सोच्छ म्हनले ना?" तिने त्या वाक्याचा पहिला भाग उचलून ठेवला होता. बाकीच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

मी आईची लेक दिसते, पण वळण घेतलं वडिलांचं. कॉलेजात "तुझं मराठी किती शुद्ध आहे गं!" असं ऐकलं. नंतर "तू कशी वेगळीच आहेस हं" ऐकलं. दर वेळी मी वळून हात बघितला, आणि बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर निघाला. आपलं बरोबर निघण्यात एक मजा असते, खोटं कशाला बोलू? पण त्या मजेवर पोट भरत नाही. लग्न जमायच्या वयात एक-दोन बऱ्या माणसांनी माझ्याविषयी बरं काही म्हटलं असेल, तर तेही मी असंच वळून वळून बघत बसले. ती माणसं कंटाळून गेली. लग्न राहूनच गेलं.

नोकरी उल्हासनगरच्या एका कचेरीत लागली आणि तिथेच संपली. माझ्या शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची एक बाई होती. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहायची. बोलायला गोड, कामाला चोख. मनाने ती वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तिला वाईट ठरवून मोकळं व्हावंसं वाटेल, आणि तेवढं सोपं ते नाही.

दुपारी डबे उघडले की ती मान वर करून म्हणायची, "अगंबाई, वास काय छान येतोय! आईने वांगी दिली वाटतं." वांगी म्हणजे आईची खासियत. काळा मसाला ती दर उन्हाळ्यात स्वतः भाजायची, समोर उभी राहून कांडून घ्यायची आणि बरण्यांत दाबून भरायची. वास सुटणारच. मी डबा पुढे करायची, "घे ना." आणि नेमका तिचा उपास असायचा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, मधूनमधून एकादशी आणि चतुर्थी. बुधवार-शुक्रवार मोकळे राहायचे, तर त्या दिवशी तिला पित्त व्हायचं. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंची थालीपीठं उघडली की पित्त खाली बसायचं. काही महिन्यांत मी डबा पुढे करणं सोडून दिलं. तिने मात्र वासाचं कौतुक सोडलं नाही. सोमवारी देवळातला प्रसाद आणून ती सगळ्यांच्या हातावर ठेवायची, माझ्याही ठेवायची, आणि मी तो खायची. तिच्या लेखी आमचं दोघींचं अगदी छान चाललं होतं.

घोळ झाला तो घरी. पहिल्याच आठवड्यात मी आईला सहज सांगितलं होतं की शेजारची बाई तुझ्या वांग्यांच्या वासाचं कौतुक करत होती. आईने त्यातलं कौतुक तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवशी डब्याला वांग्यांचा एक जादा पुडा.

"हा तिचा," आई म्हणाली. "तिला आवडतंय तर दे की."

आता हिला काय सांगायचं? तिला वास आवडतो, वांगं नाही, असं? मी डबा उचलला आणि गेले. त्या दिवशी बाईचा गुरुवार होता. जादा पुडा मीच संपवला. संध्याकाळी दारात चप्पल काढत होते तोच आतून आवाज आला, "काय म्हनली ती?"

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "म्हणाली, असं वांगं मी कुठे खाल्लं नाही."

आई हात पुसत बाहेर आली. तिने खांद्यावरचा पदर सारखा केला, भिंतीकडे बघून जराशी हसली आणि म्हणाली, "तिला म्हनावं, उद्या डाळ देते."

आई कौतुक घ्यायची ते असं. "छे छे, कसलं काय," नाही, की "आज जरा बिघडलंच," नाही. आभार तर तिच्या शब्दकोशातच नव्हते. पदर सारखा करायचा आणि उद्याचं काय ते सांगायचं, की झालं.

मग ते सुरूच राहिलं. आम्ही क्वार्टर सोडून बदलापूरला बेलवलीत फ्लॅट घेतला, कचेरीतले साहेब बदलले, भिंतींचे रंग बदलले, पण जादा पुडा चुकला नाही. तो मीच खायची. नोकरीत माझी बढती एकदाच झाली, अंगाची वाढ मात्र दरवर्षी. घरी येता येता, आज ती काय म्हणाली हे मी मनात जुळवत यायची. सुरुवातीला साधंसुधं असायचं, "छान झालं होतं म्हणाली." पुढे मी सराईत झाले. "म्हणाली, बहिणीला तुमच्या आईकडे शिकायला पाठवू का?" "म्हणाली, पुड्याला लागलेला मसालासुद्धा पुसून खाल्ला." आई ऐकायची, पदर सारखा करायची, आणि दुसऱ्या दिवसाचा बेत ठरायचा. वडील खुर्चीत पेपर वाचत असायचे. ते पेपर किंचित खाली करून माझ्याकडे बघायचे. हात कुणाचा हे ओळखणारा माणूस तो, त्यांना कळत नसेल असं होणार नाही. पण ते जाईपर्यंत एका शब्दाने बोलले नाहीत.

मला एक कौतुक धड घेता येत नव्हतं आणि मी रोज एक नवं घडवून घरी नेत होते. त्या वेळी यात काही विचित्र आहे असंही वाटलं नाही. ऑफिसचं काम संपलं की हे घरचं काम, एवढंच.

मी निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीत निरोपाचा कार्यक्रम झाला. आईला घेऊन गेले होते. ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाईही बोलायला उठली. माझ्या कामाविषयी चार चांगले शब्द बोलली आणि शेवटी म्हणाली, "आणि यांच्या डब्याचा वास आला की कळायचं, जेवायची सुट्टी झाली!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी नारळ धरून उभी होते. शेवटच्या दिवशीही वासच, असं मनात आलं आणि तोंड कडू झालं.

कार्यक्रम संपताच आई खुर्चीतून उठली आणि गुडघे सावरत थेट तिच्याकडे निघाली. मध्ये पडायला मी पुढे होणार तोवर आईने तिचे दोन्ही हात धरले होते.

"तुमाला माझी वांगी लई आवडायची ना?"

बाई आईकडे बघत राहिली. मग तिने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. माझ्या डब्यातला तो जादा पुडा तिने वर्षानुवर्षं बघितला होता, तो कुणाचा होता हे तिला त्या क्षणी समजलं असावं. त्या नजरेची मी आयुष्यभर वाट बघितली होती, आणि प्रत्यक्ष मिळाली तेव्हा मला ती नको झाली. आईचे हात न सोडता ती म्हणाली, "फार आवडायची, आई. असं वांगं मी कुठे खाल्लं नाही."

माझंच वाक्य. पहिल्या दिवशी मी रचलेलं, अगदी तेच.

आईने पदर सारखा केला. "घरी या एकदा. डाळ देते," म्हणाली. "येईन ना," बाई म्हणाली. जाताना तिने माझा दंड घट्ट दाबला. मला तिचा राग आला होता आणि तिचे उपकारही वाटत होते, आणि एकातून दुसरं निवडून काढता येत नव्हतं. ती घरी कधी आली नाही. मीही आग्रहाने बोलावलं नाही. रिक्षात आई खुशीत होती. "बाई गुनाची हाय," घर येईपर्यंत हेच चालू होतं.

गेल्या हिवाळ्यात आई गेली.

तेव्हापासून बेलवलीच्या या घरात मी एकटी आहे. भाऊ पुण्याला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, "जेवलीस का?" मी म्हणते, "जेवले." एकटं राहण्यात किती सुख असतं हे मला लोक सांगतात. सांगणाऱ्यांच्या घरी संध्याकाळी दार उघडायला कुणीतरी असतं. मला ते सुख अजून सापडलेलं नाही. भाजी घेऊन वर आले की मी दारात चप्पल काढताना अजून क्षणभर थांबते. आतून "काय म्हनली?" असं कुणी विचारत नाही. विचारलं तरी सांगणार काय? दिवसभरात कुणी काही म्हणालेलं नसतं. स्वयंपाक अजून दोघींचाच होतो. कढई तीच, मसाला तिने शेवटच्या उन्हाळ्यात खुर्चीत बसून माझ्याकडून भाजून घेतलेला. "आजून भाज, आजून," म्हणत होती. ती बरणी आता अर्ध्यावर आली आहे.

यंदा समोरच्या फ्लॅटमध्ये एक सिंधी कुटुंब आलं. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पमधली त्यांची बराक पाडायला घेतली म्हणून ते इकडे आले. मुलगा आणि सून सकाळीच उल्हासनगरला दुकानावर जातात, म्हातारी आई दिवसभर एकटी. ती दार सताड उघडं टाकून दारातच खुर्ची घेऊन बसते. बराकीतली सवय असणार. आमच्या मजल्यावर बघण्यासारखं काय आहे? एक लिफ्ट आणि एक माझं बंद दार. ती दोन्हींकडे आळीपाळीने बघते.

आल्यावर चार-आठ दिवसांतच मला बघून ती म्हणाली, "बेटी, तुम्हारे घर से खुशबू बडी अच्छी आती है."

मी किल्ली हातात धरून जागीच थांबले. नोकरी संपली, आई गेली, आणि हे वाक्य माझ्या मागोमाग बेलवलीपर्यंत आलं होतं. मी "अच्छा" म्हटलं आणि आत जाऊन दार लावलं. पण म्हातारी हटणाऱ्यातली नव्हती. दोन दिवसांआड तेच. खुशबू बडी अच्छी है, आज क्या बनाया, आज तो और भी अच्छी है. मी "अच्छा" म्हणायची आणि दार लावायची. दिवसेंदिवस जरा जोरात लावायला लागले. तिला ऐकू कमी येत असावं.

एका दुपारी मी वांगी केली. वांगणीकडच्या बायका स्टेशनजवळ भाजी घेऊन बसतात, त्यांच्याकडून छोटी काटेरी वांगी आणली होती. सकाळपासून आईची आठवण येत होती आणि ती विसरायला म्हणून मी तिचीच भाजी करायला घेतली. माझं डोकं असंच चालतं. कढईभर झाली. खाणारी मी एकटी. आता हे तीन दिवस पुरवायचं, असं म्हणत कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दार उघडलं, आणि समोरून आवाज आला, "बेटी, क्या खुशबू है!"

माझं डोकंच फिरलं. "खायचंय का मग?" मी मराठीतच ओरडले. तो प्रश्न नव्हता, मी भांडण काढलं होतं. आज तिचा कुठला वार आहे, तेच मला ऐकायचं होतं.

म्हातारी खुर्चीच्या हाताला धरून उठली.

"कब से तो बोल रही हूँ!" ती म्हणाली. "तुम दरवाजा बंद कर लेती हो."

आणि स्वतःचं दार तसंच उघडं टाकून ती सरळ माझ्या घरात आली. वाट माहीत असल्यासारखी स्वयंपाकघरात गेली आणि टेबलाशी आईच्या खुर्चीत बसली. मी मागोमाग गेले. दुसरं करणार काय?

"हमारे कैंप में ऐसा था," ती सांगायला लागली, "कोई बोले खुशबू अच्छी है, तो समझो मांग रहा है. बोला, तो कटोरी आ गयी. इधर मैंने सोचा, मराठी लोग में नहीं होता होगा."

मी ताट घेतलं. भाकरी ठेवली, भाजी वाढली. इतके महिने ही बाई दारात बसून भाजी मागत होती, आणि मी वळून वळून हात कुणाचा ते बघत होते. आडनाव तर तिने आजवर विचारलंही नव्हतं.

तिने भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि थोड्याशा दातांनी हळूहळू खाल्ली. "बहुत अच्छा है," म्हणाली.

मी सवयीने गप्प राहिले आणि वाट बघितली.

"लेकिन," ती म्हणाली.

मी ओट्याची कड धरली.

"नमक कम है."

मीठ खरंच कमी होतं. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी आईचं मीठ तोडलं होतं. तेव्हापासून मी तिच्या मापाने घालत होते आणि माझ्या जिभेलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. आई गेली तरी हाताने माप बदललं नाही, कारण समोर बसून जेवणारं कुणी नव्हतंच. वास घेणाऱ्याला मीठ कळत नाही. मी मिठाची बरणी तिच्यापुढे ठेवली आणि मला रडू आलं, चांगलं हुंदका फुटण्याइतकं. म्हातारीने एकदा वर बघितलं, मग भाजीवर मीठ भुरभुरवलं आणि जेवत राहिली. काय झालं, असं विचारलं नाही. तिचे मी आभार मानायला हवेत ते यासाठी.

तिने भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. ताट भाकरीच्या तुकड्याने पुसून काढलं, पाणी प्यायली आणि ताटाकडे बघत म्हणाली, "ऐसा बैंगन मैंने कहीं नहीं खाया."

मी ते वाक्य रचलं होतं, कचेरीतल्या बाईने ते आईसाठी म्हटलं होतं, आणि आज ते पहिल्यांदा खरं होतं. घरी जाऊन आईला सांगावं असं माझ्या मनात आलं. मी घरीच होते.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. "अच्छा" म्हणून दार लावायला आता ती दाराबाहेर नव्हती. माझा हात खांद्याकडे गेला. गाऊनला पदर नसतो. तरी मी तो सारखा केला.

"कल दाल देती हूँ," मी म्हणाले.